अंबर नेमके कुठले? रासायनिक पृथक्करणाने काय ठरते आणि काय ठरत नाही

काठावरचा

प्राचीन वस्तूंच्या प्रदर्शनांत अंबराचे, म्हणजे तृणमण्याचे, मणी किंवा पदके मांडलेली असतात आणि शेजारच्या पाटीवर बहुधा एकच ओळ असते : ‘बाल्टिक अंबर, उगम रासायनिक पृथक्करणाने निश्चित.’ वस्तू ग्रीसमध्ये सापडलेली असो, सीरियात असो की इंग्लंडमध्ये, उगम मात्र बाल्टिक. या एका ओळीच्या भरवशावर पुढे अंबरमार्ग, दूरदेशीचे व्यापारी, राजाराजांमधले नजराणे असा मोठा डोलारा उभा राहतो.

ज्वालामुखीच्या काचेचे हत्यार कोणत्या डोंगरातले, हे तिच्यातल्या सूक्ष्म मूलद्रव्यांवरून सांगता येते, ते मला पटते. अंबर मात्र झाडाच्या राळेचे जीवाश्मरूप आहे. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन आणि थोडेसे गंधक यांच्यापलीकडे त्यात फारसे काही नसते. त्यामुळे माझे मत असे झाले आहे की पृथक्करणाने फार तर राळेची जात कळते, ठिकाण कळत नाही, आणि पाटी लिहिणारे या दोन गोष्टींची सरमिसळ करतात. जाणकारांनी हे खोडून काढावे, अशी विनंती आहे.

अश्मक

प्रश्न चांगला आहे; त्याचा इतिहास प्रश्नाहूनही चांगला आहे. अंबराचे कोरडे ऊर्ध्वपातन केले, म्हणजे ते हवेविना तापवले, की त्यातून एक आम्ल बाहेर पडून स्फटिकरूपाने साचते, ही नोंद जॉर्ज अग्रिकोला याने १५४६ मध्येच केली होती. तेच सक्सिनिक आम्ल. पुढे १८७६ मध्ये पुरातत्त्वज्ञ श्लीमनने ग्रीसमधल्या मायसीनीच्या कबरी उघडल्या आणि त्यांत अंबराचे मणी निघाले, तेव्हा ते आले कुठून हा वाद पेटला. डान्झिगचे, म्हणजे आजच्या ग्दान्स्कचे, औषधविक्रेते आणि रसायनज्ञ ओटो हेल्म यांनी त्या मण्यांत सक्सिनिक आम्ल दाखवले आणि मणी बाल्टिकचे असल्याचा निकाल दिला. बाल्टिक अंबरात हे आम्ल साधारणपणे ३ ते ८ टक्के असते.

निकाल पुढे बरोबर ठरला, पण त्यामागचा तर्क लंगडा होता. ‘बाल्टिक अंबरात हे आम्ल असते’ या विधानावरून ‘हे आम्ल ज्यात असते ते बाल्टिकच’ असे निघत नाही. रुमानियाच्या अंबरातही ते सापडते. त्यामुळे निव्वळ आम्लाच्या उपस्थितीवर बांधलेला दावा पुढच्या पिढीने बाजूला ठेवला.

शंकासुर

शिवाय त्या पद्धतीत मणी तापवून, वितळवून, वाफ करून पाहावा लागे. मणी कुठला हे कळेपर्यंत मणीच उरत नसे, त्यामुळे निकालाला आव्हान देण्याचीही सोय नव्हती.

वर्णपट

शंकासुर यांचा विनोद अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे, कारण पुढची प्रगती नेमकी याच अडचणीतून झाली. अमेरिकेतील व्हॅसर कॉलेजचे कर्ट बेक यांनी १९६४ पासून अंबराचे अवरक्त वर्णपट, म्हणजे अवरक्त प्रकाशाच्या कोणत्या लहरी नमुना शोषतो याचे आलेख, पद्धतशीरपणे प्रसिद्ध केले. त्यासाठी एक-दोन मिलिग्रॅम नमुना पुरतो. मी प्रयोगशाळेत हे काम करतो, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

मण्याच्या बाहेरच्या अंगावर बहुधा तपकिरी, तडकलेली साय असते. ती ऑक्सिडीकरणाने बिघडलेली असल्याने तिला हात लावायचा नाही. मण्याच्या भोकाच्या आतल्या कडेवरून किंवा जुन्या तुटलेल्या कोपऱ्यातून बारीक पात्याने पिवळसर भुकटी खरवडायची. ती अगेटच्या खलात कोरड्या पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर घोटायची. घोटताना राळेचा मंद वास येतो. मग मिश्रण दाबयंत्रात दाबले की त्याची पारदर्शक चकती होते आणि ती वर्णपटमापकात ठेवता येते.

आलेखात सर्वप्रथम पाहायची जागा म्हणजे १२५० ते ११८० प्रति सेंटीमीटर हा तरंगसंख्येचा (एका सेंटीमीटरमधल्या लहरींच्या संख्येचा) पट्टा. बाल्टिक अंबरात येथे रेषा बराच वेळ जवळजवळ आडवी चालते आणि नंतर ११६० च्या आसपास एकदम तीव्र शोषणात कोसळते. या आडव्या भागाला ‘बाल्टिक खांदा’ म्हणतात. हा खांदा सक्सिनिक आम्लाच्या एस्टर बंधांमुळे येतो, असे मानले जाते. म्हणजे हेल्म यांचे आम्लच येथे पुन्हा दिसते. फरक इतकाच की ते आता सुटे काढलेले नसून राळेच्या जाळ्यात गुंफलेल्या अवस्थेत दिसते, आणि त्या गुंफणीचा नमुना इतर अंबरांत तसाच सहसा आढळत नाही. सिसिलीच्या अंबराला सिमेटाइट म्हणतात; त्यात असा आडवा खांदा नाही. बेक यांनी मायसीनीकालीन ग्रीसमधले नमुनेही याच रीतीने तपासले आणि त्यांतले बहुतांश बाल्टिक ठरले.

स्फटिका

वर्णपट यांनी पद्धत सुरेख मांडली आहे, पण तो खांदा पुस्तकातल्यासारखा आडवा मिळणे हा भाग्ययोग असतो, हेही सांगायला हवे. जमिनीत किंवा संग्रहालयाच्या कपाटात अंबराचे ऑक्सिडीकरण होत राहते आणि खांदा एका बाजूला कलू लागतो. उतार किती वाढला की ‘बाल्टिक’ म्हणणे थांबवायचे, यासाठी सर्वमान्य रेघ नाही. फार बिघडलेला मणी आणि मुळातच वेगळ्या राळेचा मणी हे आलेखात एकमेकांच्या धोकादायकरीत्या जवळ येऊ शकतात. रुमानियाच्या अंबराबाबत तर हा गोंधळ चांगल्या अवस्थेतील नमुन्यांतही होतो.

दुसरी अडचण मानवनिर्मित आहे. पूर्वीच्या जतनकारांनी तडकलेले मणी टिकावेत म्हणून त्यांवर डॅमरसारख्या राळांचे किंवा कृत्रिम बहुवारिकांचे लेप दिलेले आहेत. आता अनेक ठिकाणी नमुना न खरवडता मणी थेट स्फटिकावर दाबून वर्णपट घेतात. वस्तूला इजा होत नाही, ही त्या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे. तथापि, ती पृष्ठभागाचे अवघे एक-दोन मायक्रॉनच पाहते, म्हणजे अनेकदा आपण अंबराचा नव्हे तर त्यावरच्या लेपाचा उगम शोधत असतो.

आडवाटेने

समजा, खांदा अगदी आडवा आणि नितळ मिळाला. तरीही मूळ धाग्यातला प्रश्न उरतोच, कारण ‘बाल्टिक’ राळ फक्त बाल्टिकच्या किनाऱ्यावर सापडत नाही.

या अंबराचा सर्वांत मोठा साठा कालिनिनग्राडजवळ सांबिया द्वीपकल्पातल्या ‘निळ्या माती’च्या थरात आहे, यांतार्नी येथे ती खाण आजही चालू आहे. पण हिमयुगांत बर्फाच्या थरांनी आणि त्यांच्या वितळलेल्या पाण्याने ही राळ दूरवर पसरवली. डेन्मार्क, उत्तर जर्मनी, पोलंड आणि इंग्लंडचा पूर्व किनारा या सर्व ठिकाणी ती मिळते. युक्रेनमधील रिव्ने भागातही सक्सिनाइटच, म्हणजे हीच बाल्टिक प्रकारची राळ, मिळते. जर्मनीतील बिटरफेल्डचे अंबर हे स्वतंत्र साठ्याचे की बाल्टिकचेच, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

मग इंग्लंडच्या पूर्व भागातील कांस्ययुगीन कबरीत सक्सिनाइटचा मणी निघाला, तर तो समुद्रापारहून आला की कोणी जवळच्या वाळूतून उचलला, हे वर्णपट कसे सांगणार? दोन्हींचा आलेख एकच येईल.

गंमत म्हणजे याच्या उलटही घडते. बाल्टिकच्या किनाऱ्यावर सक्सिनाइटच्या सोबतच गेडानाइट नावाची राळ मिळते आणि तिच्यात सक्सिनिक आम्ल जवळपास नसते. म्हणजे खांदा असला तर बाल्टिकचा किनारा सिद्ध होत नाही आणि खांदा नसला तर तो किनारा बादही होत नाही.

काठावरचा

आडवाटेने यांनी माझेच म्हणणे माझ्यापेक्षा नेमके मांडले आहे. मग पाटीवरचा ‘निश्चित’ हा शब्द काढून टाकावा, असा निष्कर्ष निघतो का?

वर्णपट

मी याच्याशी पूर्ण सहमत नाही. रसायन एकटे ठिकाण सांगत नाही, हे मान्य; पण ते अनेक ठिकाणे ठामपणे बाद करते, आणि भूगोल सोबतीला घेतला की तेवढेही पुष्कळदा पुरते. हिमनद्या पूर्व इंग्लंडपर्यंत पोचल्या होत्या, सीरियापर्यंत नव्हत्या. सीरियातील कात्ना येथे राजवाड्याखालच्या कबरीत २००२ मध्ये अंबराचे सिंहमुखी छोटे पात्र सापडले. ते इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकाच्या आगेमागचे आहे. ते मध्यपूर्वेत मिळणाऱ्या एखाद्या राळेचे असण्याची शक्यता तपासणे भागच होते, कारण लेबनॉनमध्ये अंबराचे फार जुने साठे आहेत. अवरक्त वर्णपट आणि औष्णिक विघटनानंतरची गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री (नमुना तापवून फोडायचा आणि सुटलेले रेणू वेगळे करून ओळखायचे) या दोन्ही पद्धतींनी ते सक्सिनाइट असल्याचे दिसले आणि २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. कोरीव कामाची शैली मात्र स्थानिक वळणाची आहे. म्हणजे कच्चा माल उत्तरेतून आला आणि घडवला दक्षिणेत, असे अनुमान निघते. यातला कच्च्या मालाविषयीचा अर्धा भाग रसायनाशिवाय कोणीही ठामपणे सांगू शकला नसता.

स्फटिका यांनी काढलेल्या रुमानियाच्या शंकेलाही ही दुसरी पद्धत बऱ्याच अंशी उत्तर देते. नमुना टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइडबरोबर क्षणात तापवला की आम्ले मिथाइल एस्टरच्या रूपात सुटी होतात आणि एकेक करून मोजता येतात. नुसत्या सक्सिनेटकडे न पाहता त्याच्या जोडीला बोर्निऑल आणि फेन्कॉल यांचे सक्सिनेट एस्टर आहेत का, डायटरपीन आम्लांचा, म्हणजे राळेतल्या मूळ आम्लांचा, संच कोणता आहे, असे अनेक पुरावे एकाच वेळी हाती येतात. एका खांद्यावर सगळा भार टाकण्यापेक्षा हे बरे.

शंकासुर

‘एका खांद्यावर सगळा भार’ हे वाक्य वर्णपट यांनी जाणीवपूर्वक लिहिले असेल तर त्यांना दंडवत, आणि नकळत लिहिले असेल तर दोन.

अश्मक

कात्नाच्या जोडीला इबेरियाचे उदाहरण ठेवावे लागेल, कारण तेथे रसायनाने रूढ समजच उलटवला. स्पेन-पोर्तुगालमधल्या ताम्रयुगीन कबरींतले अंबर उत्तरेतून आले असावे, हा अंदाज सोयीचा होता. वर्णपट घेतल्यावर मात्र त्यातले बरेच अंबर सिसिलीचे सिमेटाइट निघाले. २०१८ मधल्या एका आढाव्यात असे चित्र उभे राहिले की इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकापासून तेथे सिसिलीचे अंबर पोचत होते आणि बाल्टिकचे अंबर फार उशिरा आले. पाठोपाठ २०२३ मध्ये बार्सिलोनाजवळच्या कोवा देल फ्रारे या गुहेतला एक मणी बाल्टिक ठरला आणि त्याचा काळ इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकातलाच निघाला. म्हणजे ‘फार उशिरा’ हा भाग पाच वर्षांत दुरुस्त करावा लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुरुस्ती झाली ती कालक्रमात. सिमेटाइट आणि सक्सिनाइट यांतला भेद जिथल्या तिथे राहिला. रसायनाचा निकाल टिकला, त्यावर बांधलेली कथा बदलली.

पिंपळपान

वनस्पतिशास्त्राच्या अंगाने एक भर घालते. बाल्टिक अंबर कोणत्या झाडाचे, हे अजून ठरलेले नाही. एकोणिसाव्या शतकात त्याला पाइनच्या कुळात बसवून ‘पायनस सक्सिनिफेरा’ असे नावही देऊन झाले, कारण अंबरात अडकलेले लाकडाचे तुकडे पाइनसारखे दिसतात. रसायन मात्र अॅगॅथिस या झाडाच्या कुळाकडे बोट दाखवत होते, कारण राळेचा सांगाडा त्या प्रकारचा आहे. पण आजच्या अॅगॅथिसच्या राळेत सक्सिनिक आम्ल नसते. २००९ मध्ये अवरक्त वर्णपटांच्या तुलनेवरून तिसरीच बाजू पुढे आली : जपानमध्ये आज एकच जाती उरलेले सायडोपिटिस हे छत्रीसारख्या पानांचे झाड, म्हणजे त्याचे पूर्वीचे नातलग. तीन पक्ष आहेत आणि तिघांकडेही पुरावा आहे.

रसायनावरून झाड ओळखण्याच्या भरवशाला सर्वांत मोठा धक्का अमेरिकेतल्या इलिनॉयमधून बसला. केन अँडरसन यांच्या वर्गीकरणात अंबराचे पाच वर्ग आहेत. त्यातल्या ‘एक-क’ या उपवर्गाची राळ सपुष्प वनस्पतींची खूण मानली जाई. डोमिनिकन आणि मेक्सिकन अंबर याच उपवर्गातले असून ते हायमेनिया या शेंगवर्गीय झाडाचे आहे. २००९ मध्येच इलिनॉयच्या कोळशातून याच उपवर्गाचे अंबर निघाले आणि त्याचे वय सुमारे ३२ कोटी वर्षे ठरले. सपुष्प वनस्पती तेव्हा अस्तित्वातच नव्हत्या! म्हणजे तेच रसायन दोन अगदी भिन्न वंशांनी स्वतंत्रपणे घडवले होते.

नाममात्र

ज्या राळेचे झाड कोणते हे तीन पक्षांना मिळून ठरवता आलेले नाही, तिच्यावर ‘उगम निश्चित’ अशी पाटी लावायला धैर्य लागते.

अश्मक

नाममात्र, हस्ताक्षर जुळवायला लिहिणाऱ्याचे नाव ठाऊक असावे लागत नाही. सांबियाच्या खाणीतून स्वतः काढलेला तुकडा आणि कबरीतला मणी यांचे आलेख जुळतात की नाही, एवढाच प्रश्न असतो. झाडाचे नाव त्यात येतच नाही. पिंपळपान यांचे इलिनॉयचे उदाहरण मात्र वेगळा इशारा देते. जुळणी पाहताना ज्यांच्याशी तुलना करायची त्या साठ्यांची यादी पुरी हवी. यादीत नसलेला साठा निकालात कधीच येणार नाही.

शंकासुर

अँडरसन यांच्या वर्गांपैकी तिसरा वर्ग कोणी सांगितला नाही, म्हणून मी सांगतो : सीगबर्गाइट, म्हणजे नैसर्गिक पॉलिस्टायरीन. थर्मोकोलचा कच्चा माल झाडांनी कोट्यवधी वर्षांपूर्वीच तयार करून ठेवला होता, फक्त फुगवायचे तेवढे राहून गेले.

मणिमाळ

जाणकारांच्या चर्चेत एक साधा प्रश्न विचारते. हातात असलेला तुकडा खरा आहे की नाही, हे प्रयोगशाळेत न जाता कळते का?

स्फटिका

काही अंशी कळते. अंबराची घनता १.०५ ते १.१० च्या दरम्यान असल्यामुळे ते मिठाच्या संपृक्त पाण्यावर तरंगते, तर बेकेलाइट आणि बहुतेक पॉलिएस्टर बुडतात. ॲसिटोनचा थेंब काही क्षण ठेवला तर कोवळी राळ, म्हणजे कोपल, चिकट होते. अंबरावर सहसा परिणाम होत नाही. तापवलेली सुई टोचण्याचा उपाय सांगितला जातो, पण त्यात वस्तूचे नुकसान होते आणि अनुभव नसेल तर वासावरून काहीच ठरत नाही. मिठाच्या पाण्यात कोपलही तरंगते, त्यामुळे केवळ तरंगण्यावर समाधान मानू नये.

वर्णपटात कोपल लगेच पकडले जाते. ३०८०, १६४५ आणि ८८८ या तरंगसंख्यांजवळचे दुहेरी बंधांचे पट्टे त्यात ठसठशीत असतात; राळ पक्व होत जाते तसे ते विरळ होत जातात. दाबून बनवलेल्या अंबराच्या बाबतीत मात्र रसायन आंधळे आहे. बाल्टिक अंबराचा चुरा तापवून दाबला तरी आलेख बाल्टिकचाच येतो. तेथे सूक्ष्मदर्शक किंवा अतिनील प्रकाश कामाला येतो, कारण कणांच्या सीमा त्यात दिसतात.

आडवाटेने

पक्वतेचा विषय निघाला म्हणून विचारतो. रामन वर्णपटात, म्हणजे नमुन्यावरून विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या आलेखात, १६४६ आणि १४५० या दोन पट्ट्यांच्या तीव्रतेचे गुणोत्तर पाहून अंबराचे वय काढता येते, असे वाचनात येते. वय कळले तर साठाही ओळखता यावा.

वर्णपट

ते गुणोत्तर वय नव्हे, पक्वता दाखवते, आणि पक्वता वर्षांइतकीच जमिनीतल्या उष्णतेवर अवलंबून असते. खोल गाडली गेलेली तरुण राळ उथळ थरातल्या म्हाताऱ्या राळेपेक्षा अधिक पक्व दिसू शकते. म्यानमारच्या बर्माइटचे, म्हणजे तिथल्या अंबराचे, सुमारे ९ कोटी ९० लाख वर्षांचे वय राळेवरून काढलेले नाही. ज्या खडकात ती सापडते त्यातल्या झिरकॉन स्फटिकांतील युरेनियम आणि शिसे मोजून ते ठरले. तुकडा खडकापासून सुटून बाजारात आला की तो पुरावा गेला.

अश्मक

वर्ग अगदी वेगळा असेल तर मात्र काम सोपे होते. गुजरातमधील लिग्नाइटच्या खाणींतले खंभात अंबर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे असून ते डिप्टेरोकार्प (सालवृक्षाच्या) कुळातील झाडांच्या राळेचे, म्हणजे अँडरसन यांच्या दुसऱ्या वर्गातले आहे. त्याची जडण इतकी सैल आहे की द्रावकात राळ विरघळवून आतला कीटक अखंड बाहेर काढता येतो. सक्सिनाइटशी त्याची गल्लत होण्याचे कारणच नाही. खरी झुंज एकाच वर्गातल्या साठ्यांमध्ये असते.

पिंपळपान

आणि तेथे कार्बन व हायड्रोजनच्या समस्थानिकांकडून, म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वजनाच्या अणूंकडून, आशा ठेवली जाते. राळेतल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांचे प्रमाण झाडाने शोषलेल्या पाण्यावर अवलंबून असते आणि ते पाणी अक्षांशाप्रमाणे, हवामानाप्रमाणे बदलते. दूरदूरच्या साठ्यांमध्ये फरक करायला हे उपयोगी आहे. सांबियाचा तुकडा आणि हिमनदीने इंग्लंडला नेलेला तुकडा यांच्यात मात्र त्याने काही साधणार नाही, कारण दोन्ही एकाच रानातले असतील तर पाणीही एकच होते.

काठावरचा

मग पाटीवर नेमके काय लिहावे, हे कोणीतरी एका वाक्यात सांगावे.

वर्णपट

‘सक्सिनाइट (बाल्टिक प्रकारचे अंबर), अवरक्त वर्णपटावरून.’ कात्नासारखे उदाहरण असेल तर पुढे ‘कच्चा माल उत्तर युरोपातून आलेला’ हेही लिहावे, कारण तेथे भूगोल दुसरा पर्याय ठेवत नाही. पूर्व इंग्लंडच्या मण्यावर ते लिहू नये.

स्फटिका

पाटीवर एवढे पुरेल. अहवालात मात्र निष्कर्षासोबत वर्णपटाचा आलेखही छापलेला हवा, आणि नमुना भोकातून घेतला की पृष्ठभागावरून, मण्यावर पूर्वी लेप दिला होता का, याची नोंद हवी. माझ्या पाहण्यातल्या जुन्या नोंदींत अनेकदा फक्त ‘बाल्टिक’ किंवा ‘बाल्टिक नाही’ एवढाच शेरा आहे. ‘नाही’ असे लिहिलेले मणी खरोखर वेगळ्या राळेचे होते की ऑक्सिडीकरणाने त्यांचा खांदा उतरला होता, हे त्या शेऱ्यावरून कळायला आता मार्ग नाही; ते मणी पुन्हा तपासावे लागतील.